वाचकांचे प्रश्न : फिरत्या स्विचच्या दोन खुणांच्या मध्ये

पॅनेलच्या देखभालीवरील लेखानंतर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच वस्तूविषयी होती: मूठ किंवा नॉब फिरवून चालवायचा विजेचा स्विच, ज्याला कोणी रोटरी म्हणतात, कोणी सिलेक्टर, तर कोणी चेंजओव्हर. पत्रलेखकांची कामे वेगवेगळी असली तरी त्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ स्विच एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जातो त्या क्षणभराच्या प्रवासात सापडते, म्हणून ही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार आहे. पॅनेलवरील अँमीटरचा सिलेक्टर स्विच निकामी झाला, तेव्हा स्टोअरमध्ये शिल्लक असलेला, त्याच आकाराचा आणि चारच खुणांचा व्होल्टमीटरचा सिलेक्टर मी बसवायला घेतला. पर्यवेक्षकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, पण कारण समजावून सांगायला त्यांना वेळ नव्हता. पुढची नावाची पट्टी बदलून तो चालला नसता का?

उत्तर : चालला नसता. बाहेरून हे दोन्ही स्विच सारखे दिसतात, कारण त्यांची मूळ बांधणी एकच असते. मुठीला जोडलेला चौकोनी शाफ्ट मागे जातो, त्यावर प्लॅस्टिकच्या चकत्या ओवलेल्या असतात आणि प्रत्येक चकतीच्या कडेला ठरावीक ठिकाणी खाचा असतात. या चकतीला कॅम म्हणतात. खाच समोर आली की स्प्रिंगच्या जोरावर कॉन्टॅक्टची पट्टी पुढे सरकते आणि दोन स्थिर कॉन्टॅक्ट जोडते. खाच संपून चकतीचा उंच भाग आला की तो त्या पट्टीला मागे ढकलतो. जोडण्याचे काम स्प्रिंगकडे आणि तोडण्याचे काम कॅमकडे देण्याची ही वाटणी मला फार समंजस वाटते, कारण कॉन्टॅक्ट किंचित चिकटला असला तरी मूठ फिरवणाऱ्या हाताचा जोर थेट त्याला सोडवायला लागतो. शिवाय पट्टी दोन्ही टोकांना एकाच वेळी सुटत असल्याने ठिणगी दोन जागी विभागली जाते. एका कप्प्यात बहुधा असे दोन स्वतंत्र कॉन्टॅक्ट असतात आणि जितके कॉन्टॅक्ट हवेत तितके कप्पे एकामागे एक रचले जातात. दोन स्विचमधला सगळा फरक चकत्यांवरील खाचा कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात एवढाच असतो, आणि तो मागच्या बाजूने पाहून कळत नाही.

आता अँमीटरचा विचार करू. मोठ्या फीडरवर, म्हणजे जास्त प्रवाह नेणाऱ्या मुख्य वाहिनीवर, अँमीटर (प्रवाह मोजणारा मीटर) थेट जोडलेला नसतो. आर, वाय आणि बी या तिन्ही फेजच्या वाहकांवर प्रत्येकी एक करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मोठा प्रवाह मोजण्याजोगा लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर, असतो आणि त्याच्या दुय्यम बाजूचा ५ किंवा १ अँपिअरचा प्रवाह सिलेक्टरमधून मीटरकडे येतो. मूठ आर फेजवर असताना वाय आणि बी या फेजचे ट्रान्सफॉर्मर स्विचच्या आतच शॉर्ट करून ठेवलेले असतात. करंट ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू भार चालू असताना क्षणभरही उघडी राहता कामा नये, कारण ती उघडली की मुख्य वाहकातील प्रवाहाला विरोध करणारे काहीच उरत नाही, तो सगळा प्रवाह गाभ्याला चुंबकित करण्यात खर्च होतो आणि उघड्या टोकांवर धोकादायक, प्रसंगी हजारो व्होल्टपर्यंत जाणारे दाबाचे झटके निर्माण होतात. त्याने ट्रान्सफॉर्मरचे इन्शुलेशन जाते आणि हात लावणाऱ्याच्या जिवावरही बेतते. म्हणून अँमीटरच्या सिलेक्टरमधील खाचा एकमेकींवर चढलेल्या असतात: नवी जोडणी पूर्ण झाल्यावरच जुनी सुटते. यालाच आधी जोड, मग तोड असे म्हणतात.

व्होल्टमीटरच्या सिलेक्टरचा नियम याच्या नेमका उलट आहे. तेथे मीटरचे एक टोक आधी आर फेजला आणि पुढच्या खुणेवर वाय फेजला जोडले जाते. या दोन जोडण्या निमिषभर जरी एकत्र आल्या तरी ४१५ व्होल्टच्या दोन फेज त्या चिमुकल्या कॉन्टॅक्टमधून एकमेकींना भिडतील आणि त्या जोडणीतला लहान फ्यूज वेळेवर उडाला नाही तर स्विच हातातच फुटेल. म्हणून येथे आधी तोड, मग जोड. आपण घेतलेला स्विच अँमीटरच्या जागी बसला असता तर प्रत्येक खुणेवर मीटरने कदाचित बरोबर आकडाही दाखवला असता, पण मूठ फिरवताना दर वेळी, आणि मीटरला न जोडलेल्या फेजवर तर एरवीही, ट्रान्सफॉर्मर उघडा पडला असता. जो स्विच सर्व खुणांवर बरोबर आकडा दाखवतो आणि आतून घात करतो, तो मुळीच न चालणाऱ्या स्विचपेक्षा वाईट, कारण त्याची तपासणी करणाऱ्यालाही तो फसवतो.

यासाठी उत्पादकाच्या माहितीपत्रातील कॉन्टॅक्टचा तक्ता वाचायला शिकावे. त्यात एका बाजूला कॉन्टॅक्टचे क्रमांक आणि दुसऱ्या बाजूला खुणा असतात. ज्या खुणेवर जो कॉन्टॅक्ट जुळलेला असेल तेथे फुली असते. बहुतेक जण फुल्या पाहतात आणि तक्ता बाजूला ठेवतात. दोन फुल्यांना जोडणारी रेघ असेल तर तो कॉन्टॅक्ट प्रवासातही जुळलेला राहतो, रेघ नसेल तर मधे सुटतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या रेघांमध्ये होते. आणखी एक गोष्ट: नवा, योग्य स्विच बसवतानाही आधी टर्मिनलवरील शॉर्टिंग लिंक (दोन टोके एकमेकांना जोडणारी पट्टी) लावून तिन्ही ट्रान्सफॉर्मर शॉर्ट करावेत, मगच जुन्या स्विचच्या वायरी सोडाव्यात.

प्रश्न : आमच्या इंदिरानगरच्या घरात पंख्याचा जुना, वीटभर आकाराचा रेग्युलेटर काढून स्विचबोर्डात मावणारा नवा बसवला. तो गरम होत नाही, हे चांगले; पण फिरवताना कधी कधी आत चट् असा आवाज येतो आणि वर्षभरातच दोन आणि तीन या आकड्यांवर पंख्याचा वेग सारखाच वाटू लागला आहे. हा स्विचचा दोष की पंख्याचा?

उत्तर : पंख्याचा नाही, असे आपल्या वर्णनावरून म्हणता येते. जुन्या रेग्युलेटरमध्ये तारेचे वेटोळे असे आणि फिरता स्विच त्यातला कमीजास्त भाग पंख्याच्या वाटेत आणत असे. पंखा हळू फिरावा म्हणून अडवलेली वीज त्या तारेत उष्णता होऊन जात असे, आणि म्हणूनच त्या पेटीला हवा खेळती राहील एवढा मोठा आकार द्यावा लागे. नव्या रेग्युलेटरमध्ये वेटोळ्याच्या जागी कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारे भाग, असतात. कपॅसिटर प्रवाहाला अडवतो, पण तसे करताना फारसा तापत नाही.

यातील स्विचची आखणी मोठी काटकसरीची असते. समजा आत २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरडचे दोनच कपॅसिटर आहेत. ५० हर्ट्झच्या विजेला पहिल्याचा अडथळा सुमारे १,४५० ओहम, दुसऱ्याचा सुमारे ९६५ ओहम आणि दोन्ही समांतर जोडले तर ५.५ मायक्रोफॅरडचा सुमारे ५८० ओहम. म्हणजे दोन वस्तूंतून तीन वेग मिळाले, आणि चौथ्या खुणेवर कपॅसिटर वगळून पंखा थेट जोडला की पूर्ण वेग. पाच वेगांच्या रेग्युलेटरमध्ये याच युक्तीचा थोडा विस्तार असतो.

चट् असा आवाज दोन्ही कपॅसिटर एकत्र येतात त्या क्षणाचा आहे. एक कपॅसिटर भरलेला आणि दुसरा रिकामा असताना त्यांना अचानक जोडणे म्हणजे वेगवेगळ्या पातळीच्या दोन टाक्यांमधला पडदा एकदम उचलण्यासारखे असते. त्या क्षणी कॉन्टॅक्टमधून जाणारा प्रवाह पंख्याच्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा कितीतरी पट मोठा असतो. चांगल्या रेग्युलेटरमध्ये प्रत्येक कपॅसिटरला काही ओहमचा छोटा रेझिस्टर मुद्दाम जोडलेला असतो, तो हा झटका सौम्य करतो. स्वस्त मालात नेमका तोच गाळला जातो, कारण त्याच्यावाचून पहिले काही महिने काहीच बिघडत नाही. त्यानंतर कॉन्टॅक्टवर खड्डे पडू लागतात किंवा कॉन्टॅक्ट चिकटून बसतो.

दोन आणि तीन सारखे वाटण्याची कारणे दोन असू शकतात. एखादा कपॅसिटर कमकुवत झाला असेल. आजकालच्या धातुलेपित फिल्मच्या कपॅसिटरमध्ये लहान दोष आपोआप जळून बरे होतात, पण दर वेळी थोडी क्षमता कमी होत जाते. किंवा एका कपॅसिटरचा कॉन्टॅक्ट जुळतच नसेल, आणि मग तीनवरही दोनचीच जोडणी राहते. हळू वेग वर्षागणिक आणखी हळू होत गेला असेल तर पहिले कारण धरावे, आणि वेग एकाएकी बदलला असेल तर दुसरे. पूर्ण वेगावरही पंखा रेंगाळत असता तर पंख्याचा स्वतःचा कपॅसिटर किंवा बेअरिंग तपासायला सांगितले असते. रेग्युलेटर दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये, बदलावा. जाता जाता: नवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा घेणार असाल तर त्याच्या वाटेत हा रेग्युलेटर मुळीच ठेवू नका, त्या पंख्यात वेग बदलण्याची सोय निराळी असते.

प्रश्न : मिक्सरच्या नॉबवर एक, दोन, तीन हे वेग उजवीकडे आणि हात काढताच परत येणारा टप्पा डावीकडे का असतो?

उत्तर : बंदची खूण मध्ये ठेवता यावी म्हणून. डावीकडचा टप्पा स्प्रिंगने परतणारा असतो आणि तो बहुधा मोटर पूर्ण वेगाने चालवतो. तो उजवीकडे तीनच्या पुढे ठेवला असता तर हात सोडल्यावर नॉब तीनवर येऊन थांबला असता आणि मोटर चालूच राहिली असती. उजवीकडचे वेग मोटरच्या फील्डच्या, म्हणजे स्थिर चुंबकीय भागाच्या, वेटोळ्याचे कमीजास्त फेरे जोडून मिळवलेले असतात. नॉब दोन आकड्यांच्या मध्ये रेंगाळत ठेवू नये एवढेच पाळावे; तेथे कॉन्टॅक्ट अर्धवट टेकून जळतो आणि मिक्सरच्या स्विचचा शेवट बहुधा असाच होतो.

प्रश्न : निफाड तालुक्यात माझी विहिरीवर ५ अश्वशक्तीची आणि बोअरवर साडेसात अश्वशक्तीची मोटर आहे. एकाच स्टार्टरवर, मध्ये ३२ अँपिअरचा चेंजओव्हर टाकून दोन्ही चालवतो. एका वेळी एकच मोटर चालते. तरी बोअरची मोटर दोन वर्षांत दुसऱ्यांदा जळाली. वायरमनचे म्हणणे असे की चेंजओव्हर हलका आहे.

उत्तर : चेंजओव्हरवर संशय घेण्याआधी स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा जास्त प्रवाह गेल्यास मोटर बंद करणारा भाग, पाहा. ४१५ व्होल्टवर ५ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर घेते, तर साडेसात अश्वशक्तीची सुमारे ११ अँपिअर. रिले एकच असल्याने तो यांपैकी एकाच आकड्यावर लावता येतो. लहान मोटरला जपावे तर मोठी चालू होताच स्टार्टर तुटत राहतो, मोठीसाठी लावावा तर लहान मोटर उघड्यावर पडते, आणि व्यवहारात असे दिसते की तुटण्याला कंटाळून कोणीतरी तो रिले दोन्हींच्याही पुढे फिरवून ठेवतो. मग बोअरची मोटर एक फेज गेल्यावर किंवा पाणी आटल्यावर जळते. चेंजओव्हर आहे तेथेच ठेवायचा असेल तर त्याच्या पुढे प्रत्येक मोटरला स्वतंत्र, योग्य आकड्यावर लावलेला रिले द्यावा आणि दोन्हींचे तोडणारे कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या कॉइलच्या वाटेत एकामागे एक जोडावेत. दोन स्वतंत्र स्टार्टर घेतले तर उत्तमच.

आता वायरमनच्या म्हणण्याविषयी. स्विचवरील ३२ अँपिअर हा आकडा अपुरा आहे, कारण कोणत्या प्रकारच्या भारासाठी हे त्यासोबत सांगावे लागते. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६०९४७-३ या मानकात त्यासाठी वर्ग आहेत. एसी-२० म्हणजे भार नसतानाच फिरवायचा स्विच, एसी-२१ हीटरसारख्या भारासाठी, एसी-२२ मिश्र भारासाठी आणि एसी-२३ मोटरसाठी. हा फरक किरकोळ नाही: एसी-२१ च्या चाचणीत स्विचला नेमून दिलेल्या प्रवाहाच्या दीडपट प्रवाह जोडून आणि तोडून दाखवावा लागतो, तर एसी-२३ मध्ये लहान स्विचला दहापट प्रवाह जोडावा आणि आठपट तोडावा लागतो. एकाच स्विचवर एसी-२१ समोर ३२ आणि एसी-२३ समोर त्याहून बराच लहान आकडा लिहिलेला असतो. दुकानात मोठा आकडा सांगितला जातो, आपण छोटा विचारावा. आपला चेंजओव्हर स्टार्टर बंद करून, मोटर थांबल्यावरच फिरवला जात असेल तर त्याच्यावर फारसा ताण नाही. चालू मोटरवर तो फिरवणारा एखादा गडी शेतावर असेल तर मात्र वायरमनचे म्हणणे खरे ठरेल.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर भुरी रोगासाठी आणलेले गंधक मोटरच्या खोलीतच ठेवलेले असते. पॅनेलवरील ऑटो-मॅन्युअल स्विच वारंवार दगा देतो. उघडून पाहिले तर कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात. पॉलिश पेपरने घासले की महिनाभर चालतात. कॉन्टॅक्ट चांदीचे असूनही असे का?

उत्तर : चांदीचे आहेत म्हणूनच असे होते. कॉन्टॅक्टसाठी चांदी निवडतात ती तिच्यातून वीज उत्तम वाहते म्हणून, आणि तिच्यावर चढणारा ऑक्साइडचा थर फारसा त्रास देत नाही म्हणून. गंधक हा मात्र तिचा जुना वैरी आहे. गंधकाच्या आणि त्यापासून निघणाऱ्या वायूंच्या सान्निध्यात चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. सडक्या कांद्यातूनही गंधकाची संयुगे बाहेर पडतात, तेव्हा कांद्याच्या चाळीला लागून असलेल्या पॅनेलची स्थिती फार वेगळी नसते.

आता आपण कदाचित विचाराल की, त्याच खोलीतला मोटरचा मुख्य फिरता स्विच मग का चालतो. तो ४१५ व्होल्टवर काही अँपिअर वाहून नेतो. एवढ्या दाबाला तो पातळ थर भेदता येतो, जोडताना होणारी कॉन्टॅक्टची घासण आणि तोडतानाची ठिणगीही पृष्ठभाग पुन्हा उघडा करतात. ऑटो-मॅन्युअल स्विच मात्र बहुधा २४ व्होल्टवर काही मिलिअँपिअरचा इशारा नेतो आणि महिनोन्महिने एकाच खुणेवर उभा असतो. त्याला ना घासण मिळते, ना थर फोडण्याइतका दाब. अशा बारीक कामासाठी सोन्याचा मुलामा दिलेले कॉन्टॅक्ट मिळतात आणि येथे त्यांचा खर्च वाया जात नाही. मात्र त्यांतून मोटरचा किंवा मोठ्या कॉइलचा प्रवाह कधीही नेऊ नये, कारण पहिल्या काही ठिणग्यांतच सोने उडून जाते.

पॉलिश पेपर बंद करा. त्याने काळा थर जातो, पण त्याबरोबर चांदीही जाते, कॉन्टॅक्टचा गोलवा बिघडतो आणि पेपरवरचे कठीण कण मऊ धातूत रुतून बसतात. कॉन्टॅक्टचा ठोकळा सुटा मिळतो, तो बदलावा. मोटरच्या स्विचमधील कॉन्टॅक्ट थोडे काळवंडलेले आणि खडबडीत दिसणे हे ठिणगीचे नेहमीचे लक्षण आहे. ते पाहून लगेच घासायला घेऊ नये, आणि ठिणगी पडते तेथे ग्रीसही लावू नये, ते जळून त्याचा कोळसा होतो. खरा उपाय अर्थात गंधकाची पोती दुसऱ्या खोलीत नेणे हाच आहे. तोवर पॅनेलच्या दाराचे रबर आणि वायरी आत येण्याच्या भोकांवरील केबल ग्लँड (वायर घट्ट धरणारी कडी) तरी घट्ट असू द्या.

प्रश्न : गंगापूर रोडला आमच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत. इन्व्हर्टरजवळच्या फिरत्या आयसोलेटरची (पॅनेलची वीज तोडणाऱ्या स्विचची) मूठ बरीच फिरेपर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम खाडकन आवाज येतो. तो बिघडला आहे का? आणि तो बदलायचा झाल्यास कारखान्यातला चांगला ३२ अँपिअरचा कॅम स्विच चालेल का?

उत्तर : तो बिघडलेला नाही, आणि कॅम स्विच चालणार नाही. दोन्हींचे कारण एकच आहे. आपल्या घरातील ५० हर्ट्झची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. कॉन्टॅक्ट सुटताना ठिणगीचा जो झोत पेटतो तो त्या शून्याच्या क्षणी आपोआप विझतो, आणि फट पुरेशी रुंद झाली असेल तर पुन्हा पेटत नाही. सौर पॅनेलची वीज एकदिश, म्हणजे डीसी, असल्याने तिला असा शून्याचा क्षण मिळतच नाही. गच्चीवर दहा पॅनेल एकामागे एक जोडलेली असली तर उन्हात चारशे व्होल्टच्या आसपास दाब सहज असतो, आणि हळूहळू उघडणाऱ्या कॉन्टॅक्टमध्ये त्या दाबावर पेटलेला झोत प्लॅस्टिक वितळेपर्यंत तेवत राहू शकतो.

कॅम स्विचचा कॉन्टॅक्ट आपला हात जितक्या वेगाने फिरेल तितक्याच वेगाने उघडतो. विजेच्या दिव्यांच्या सुरुवातीच्या काळात सर्वच स्विच असे होते आणि रेंगाळणारा हात त्यांना जाळून टाकत असे. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये झटक्याने तुटणाऱ्या स्विचचे पेटंट घेतले ते याच अडचणीवर. आपल्या आयसोलेटरमध्ये त्याच तत्त्वाचे आजचे रूप आहे. मूठ फिरू लागते तेव्हा फक्त स्प्रिंग ताणली जाते, कॉन्टॅक्ट जागचे हलत नाहीत. स्प्रिंग मध्यबिंदू ओलांडून पलीकडे गेली की ती स्वतःच्या जोरावर कॉन्टॅक्ट काही मिलिसेकंदांत उघडते. आजोबांनी सावकाश फिरवले काय किंवा नातवाने झटक्यात फिरवले काय, कॉन्टॅक्टचा वेग तोच राहतो. त्याशिवाय आत तीन-चार पोल (कॉन्टॅक्टचे स्वतंत्र संच) एकामागे एक जोडून तोडण्याच्या जागा वाढवलेल्या असतात, म्हणजे झोताचे तुकडे होऊन प्रत्येकाला टिकून राहणे जड जाते. बदलताना डीसी-पीव्ही२ किंवा डीसी-२१बी असा वर्ग आणि त्याच्यासमोर आपल्या पॅनेलच्या उघड्या, म्हणजे भार जोडलेला नसतानाच्या, दाबाहून मोठा डीसी व्होल्टचा आकडा छापलेला आहे ना, ते पाहा. पोल कसे जोडायचे याची आकृतीही तंतोतंत पाळा. चार पोलांपैकी दोनच वापरले तर छापलेला आकडा लागू राहत नाही.

मूठ बंदवर नेली तरी पॅनेलपासून आयसोलेटरपर्यंतच्या वायरी दिवसभर जिवंत असतात, हे घरातील सर्वांना सांगून ठेवा. बंद करताना आधी एसी बाजू तोडून इन्व्हर्टर थांबू द्यावा आणि मग आयसोलेटर फिरवावा, म्हणजे त्याला प्रवाह तोडावाच लागत नाही. वर्षानुवर्षे न हललेल्या कॉन्टॅक्टवर थर साचतो, म्हणून वर्षातून काही वेळा, संध्याकाळी ऊन गेल्यावर, तो मागेपुढे फिरवणे चांगले. आणि तो गच्चीवर उघड्यावर असेल तर वरच्या बाजूने वायरी आत आलेल्या नाहीत ना, ते पावसाळ्याआधी पाहून घ्या. ऑस्ट्रेलियात गच्चीवरच्या आयसोलेटरमध्ये पाणी शिरून आगी लागण्याचे प्रकार इतके झाले की, तेथील २०२१ च्या मानकात ते गच्चीवर बसवण्याची सक्ती बऱ्याच ठिकाणी काढून टाकण्यात आली. सुरक्षेसाठी बसवलेली वस्तूच धोक्याची ठरावी, याचे हे बोलके उदाहरण आहे.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही अंबडमधील एका वर्कशॉपच्या जुन्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या) यंत्राचे पॅनेल नव्याने करत आहोत. फीडचा, म्हणजे हत्यार पुढे सरकण्याचा, वेग निवडायला सोळा खुणांचा, चार वायरींवर द्विमान (फक्त ० आणि १ यांत लिहिलेला) आकडा देणारा फिरता स्विच घेतला. सात आकड्यावरून आठवर जाताना यंत्र मधेच दचकते. प्रोग्रॅम तपासून झाला.

उत्तर : प्रोग्रॅमकडे नंतर या. द्विमान पद्धतीत सात म्हणजे ०१११ आणि आठ म्हणजे १०००. म्हणजे या एका पावलात चारही कॉन्टॅक्टना स्थिती बदलावी लागते. कितीही काळजीने बनवलेल्या स्विचमध्ये चार कॉन्टॅक्ट अगदी एकाच क्षणी बदलत नाहीत. आधी तीन सुटले आणि चौथा नंतर जुळला तर मधे ०००० दिसते, चौथा आधी जुळला तर ११११. कंट्रोलर एका सेकंदात कितीतरी वेळा या वायरी वाचत असतो, त्यामुळे त्याला मधला आकडाही खरा वाटतो आणि तो फीड शून्यावर किंवा कमाल वेगावर नेऊ पाहतो.

यासाठी ग्रे कोडचा स्विच घ्यावा. त्यात लगतच्या कोणत्याही दोन खुणांमध्ये एकच कॉन्टॅक्ट बदलतो. सात म्हणजे ०१०० आणि आठ म्हणजे ११००. मग तो कॉन्टॅक्ट लवकर बदलो की उशिरा, कंट्रोलरला एकतर जुना आकडा दिसतो किंवा नवा, तिसरा दिसूच शकत नाही. यंत्रांच्या फीड ओव्हरराइडसाठी, म्हणजे फीड हाताने कमीजास्त करण्यासाठी, असे स्विच तयार मिळतात. कॉन्टॅक्ट जुळताना क्षणभर थरथरतो, म्हणून वाचलेला आकडा काही मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच स्वीकारावा. आहे तोच स्विच ठेवायचा असेल तर हा थांबा थोडा वाढवून काम भागते, पण कोणी नॉब दोन खुणांच्या मध्ये अडकवून ठेवला तर तो उपाय अपुरा पडतो.

म्हणून खटक्याची यंत्रणाही पारखून घ्यावी. शाफ्टवरील दातेरी चक्र आणि त्यात स्प्रिंगने दाबलेला छर्रा अशी ती असते. छर्रा दातांच्या टोकावर टिकू शकत नाही, घसरून एका खाचेत पडतोच. सोळा खुणांना प्रत्येकी साडेबावीस अंश येतात, बारा खुणांच्या नेहमीच्या स्विचला तीस. खुणा जितक्या जवळ तितका खटका मऊ लागतो आणि तेलकट हातमोजा घातलेल्या ऑपरेटरला तो कळेनासा होतो. सोळाच वेग खरोखर लागतात का, हे त्या वर्कशॉपमधील ऑपरेटरला एकदा विचारून पाहा. आणि पहिल्या व शेवटच्या खुणेमध्ये अडसर असलेला स्विच मागा, नाहीतर नॉब कमाल वेगावरून थेट शून्यावर आणि शून्यावरून थेट कमाल वेगावर फिरेल. तेथे ग्रे कोडचा काहीच उपयोग होणार नाही.